मोजणीसाहेबाचा शेरा

तो छत्री कधी उघडत नसे. चैत्राच्या उन्हात टाळू तापून लाल झाली तरी छत्री मिटलेलीच. तिच्या दांड्यावर त्यानं चाकूनं खाचा पाडल्या होत्या आणि त्या खाचांनी तो दिसेल ते मोजायचा. दाराची चौकट, ओट्याची पायरी, म्हशीची शिंगं. एकदा माझ्या भाकरीवर दांडा आडवा धरून म्हणाला, "कालच्यापेक्षा अर्धी खाच कमी आहे."

मी म्हटलं, "पीठ तुमचाच हाय. त्यालाच इचारा."

तो हसला नाही. त्याला हसायला यायचं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा मी त्याला अहोजाहो करायचे. आता मी नव्वदीला टेकले, तो तर कधीच गेला असणार, म्हणून तो म्हणते. नाव सांगत नाही. गावातही कुणी त्याला नावानं ओळखत नव्हतं. मोजणीसाहेब म्हणायचे. साहेबासारखं त्याच्यात काही नव्हतं. मळका सदरा, पायात जाड चपला, दोन्ही कानांवर दोन पेन्सिली, एक काळी आणि एक तांबडी. तोही कुणाला नावानं हाक मारत नसे. माणसांना तो जमिनीच्या नंबरानं ओळखायचा. "बेचाळीस नंबर सकाळी येऊन रडून गेले," म्हणायचा. बेचाळीस नंबर म्हणजे आमच्या शेजारचा म्हातारा.

आमचं गाव खाडीच्या काठाला, ठाण्याहून बेलापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला. आता त्याला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा भात, मिठागरं आणि चिखल. साठ सालानंतर बातमी आली की रस्त्याच्या बाजूनं कारखाने येणार. कुठल्या जमिनीवर कारखाने आणि कुठल्या जमिनीवर माणसं, हे वर कुठंतरी ठरलं होतं. ते आमच्या मातीवर आखायला ह्याला पाठवला. दिवसा मोजणीची साखळी घेऊन हिंडायचा, ऊन उतरलं की देवळाच्या ओट्यावर नकाशा पसरून ब्रशानं रंग भरायचा. पिवळा म्हणजे माणसांनी राहायचं. जांभळा म्हणजे कारखाने. ओट्याखाली बाया उभ्या राहायच्या आणि एकच विचारायच्या, "सायेब, आमचा घर कोन्च्या रंगात?"

तो मान वर न करता म्हणायचा, "मोजल्यावर सांगतो."

कारण साधं होतं. जुन्या गावठाणाच्या रेषेच्या आत जी घरं, ती पिवळी. बाहेरची जांभळी, म्हणजे उठायचं. आणि गाव काही रेषेत थांबलं नव्हतं. मोठ्या चिंचेच्या पलीकडे, आपापल्या शेतात, अकरा घरं उभी राहिली होती. अकरावं आमचं.

आमचं म्हणजे थोरल्या दिराचं. माझा नवरा मिठागरावर कामाला होता, तापानं तीन दिवसांत गेला. पोरबाळ नव्हतं. दिरानं मला घरात ठेवली, हे खरं. रोज सांगायचा की ठेवली आहे, हेही खरं.

मोजणीसाहेब आला तेव्हा जेवायला कुणाकडे, हा पहिला प्रश्न झाला. ज्याच्याकडे एक वाफा होता तोसुद्धा बोलवायला गेला. निवट्या, खेकडे, कोंबडी, सगळ्यांची नावं घेऊन झाली. त्यानं कुणाच्या घरचं पाणीही घेतलं नाही. तलाठ्याकडून यादी मागवली. जमीन असलेल्यांची नव्हे, नसलेल्यांची. ती यादी घेऊन तो घरोघर फिरला आणि शेवटी आमच्या परसात आला. मी भांडी घासत होते.

"तुमचं नाव कुठल्या कागदावर आहे?"

"नाय."

"घर?"

"दिराचा."

"शेत?"

"त्याचाच."

त्यानं यादीवर खूण केली. "मग मी इथं जेवेन. धान्य माझं. पुढच्या दारानं येणार नाही, ते तुमच्या दिरांचं दार आहे. मागून येईन."

जाऊ घरात तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू आलं नाही. माझ्याकडे काही नाही म्हणून कुणी मला निवडलं, असं पहिल्यांदाच झालं होतं.

रोज बाराला तो परसात यायचा. तिथल्या चौकोनी दगडावर उभा राहून पाय धुवायचा, मग मागच्या पडवीत उत्तरेकडे तोंड करून बसायचा. पहिल्या दिवशी जवळा वाढला तर ताटाकडे बघत बसला. तो घाटावरचा होता.

"हे काय आहे?"

"जवला. सुका."

"किती आहेत?"

"मोजा न् खा."

त्यानं खरंच मोजायला सुरुवात केली. साठापर्यंत गेला आणि मग खाऊ लागला. महिन्याभरानं स्वतःच मागायला लागला.

जेवताना तो बोलत नसे. हात धुतल्यावर मात्र दोन वाक्यं बोलायचा, आणि बहुतेक ती कागदांबद्दल असायची. त्याच्या थैलीत जुनी टिपणं होती, इंग्रजांच्या वेळच्या मोजणीची. कुठला दगड कुठून किती साखळ्यांवर, हे सगळं त्यात, आणि सगळं मोडीत. एकदा वाऱ्यानं एक कागद माझ्या चुलीजवळ आला. मी उचलला आणि सहज वाचला, "देवळाच्या ईशान्य कोपऱ्यापासून..."

तो जेवता जेवता थांबला. "मोडी येतं तुम्हाला?"

"चौथीत होता. माझा मायेर करावं गाव. तिथला मास्तर मोडी आली नाय तर हातावर छडी मारायचा."

"पुढं का नाही शिकलात?"

"लगीन झाला."

त्यानं मान हलवली. "आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना एक अक्षर येत नाही. मी गेलो की ही टिपणं म्हणजे वाळवीचं खाणं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मी माझं खासगी टाचण मोडीतच लिहितो. तुमच्यासमोर जपून ठेवायला हवं." ही त्याची गंमत असावी. मी तशी धरली.

त्याची आणखी एक सवय होती, जिला गाव घाबरायचं. जबाब घेतला की तो माणसालाच मोठ्यानं वाचायला लावायचा. अक्षर येत नसेल तर स्वतः एकेक वाक्य म्हणायचा आणि त्या माणसाकडून वदवून घ्यायचा. मगच अंगठा. बेचाळीस नंबरनं सांगितलं होतं की खाडीचं पाणी अडवणारा खारबांध त्याच्या आजानं घातला. साहेबानं म्हणवून घेतलं, "सदर बांध माझ्या आजोबांनी बांधला." म्हातारा "माझ्या आजोबांनी" पर्यंत आला आणि अडला. समोर सगळं गाव. "नाय सायेब," म्हणाला, "त्यो गावानी घातला. माझा आजा नुसता शिव्या घालत हुबा होता." गाव हसलं, पण त्या दिवसापासून लोक ओट्यावर चढताना गप्प व्हायला लागले. आपलं खोटं स्वतःच्या तोंडून पुन्हा ऐकायचं, हे लोकांना जमत नाही. त्याला ते ठाऊक होतं.

चैत्रात सगळ्या बाजू जुळल्या, एक राहिली. खाडीकडच्या कोपऱ्याचा हद्दीचा दगड मिळेना. टिपणाप्रमाणे तो देवळापासून नऊ साखळ्यांवर, म्हणजे चिंचेच्या मुळाशी हवा. तिथं खणलं तर नुसता खड्डा. दगड नाही. साहेब आठ दिवस चिंचेभोवती फिरला. अकरा घरांतली माणसंही फिरली, पण वेगळ्या जिवानं. दगड चिंचेजवळ सापडला तर अकराही घरं जांभळी. रोज सकाळी कुणीतरी देवाला नारळ ठेवायचं की दगड सापडू नये.

मीही ठेवला होता. मला खरंच ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी तो जेवायला आला. पाय धुताना त्याची तांबडी पेन्सिल कानावरून पडली आणि दगडाच्या कडेला गेली. ती उचलायला वाकला आणि तसाच बसला. धोतराच्या सोग्यानं त्यानं दगडाची बाजू पुसली. माशांचे खवले, राख, शेवाळ. त्याखाली जुन्या मोजणीची फुली कोरलेली होती.

मी हातात कळशी घेऊन उभी होते. तेव्हा मला कळलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी आणि जावेनं तो दगड चिंचेखालून आणला होता. पावसानं माती वाहून जाऊन तो आडवा पडला होता. परसात चिखल व्हायचा, उभं राहून मासळी धुवायला जागा नव्हती. असा चौकोनी, घडवलेला दगड फुकट पडलाय, म्हणून आम्ही दोघींनी त्याला काथ्याची दोरी बांधली आणि अर्धा दिवस ओढला. वाटेत दोनदा बसून पान खाल्लं. कुणी अडवलं नाही. उलट एकजण म्हणाला, "चांगला हाय गं, अजून एक आना." सहा महिने साहेब ज्याच्यावर पाय धूत होता, तोच दगड तो शोधत होता.

"बाई," तो म्हणाला, "हा दगड इथं कधीपासून आहे?"

"जेवान गार होतंय."

तो उठला. जेवायला बसला. त्या दिवशी त्यानं जवळा मोजला नाही. हात धुऊन म्हणाला, "मी आत्ता विचारायला नको होतं. आज मी तुमच्या घरी जेवलोय. उद्या सकाळी देवळापाशी विचारतो. कागद आणि दगड जुळले नाहीत तर दगड आहे तिथून रेषा, पण तो हलवलेला नाही असा जबाब लागतो. अकरा घरांतल्या बाकी कुणाचा जबाब चालायचा नाही, सगळ्यांची नाहीतर त्यांच्या नवऱ्यांची नावं कागदावर आहेत. एकटं तुमचं नाही."

"मी खरा सांगितला तर?"

"तर रेषा चिंचेवरून."

"आनि दगड हितलाच हाय म्हटला तर?"

त्यानं छत्री उचलली. "तर तुमचा जबाब लिहून घेईन."

तो मागच्या दारानं गेला आणि पुढच्या दारानं दीर आत आला. त्यानं भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. मी त्याच्यासमोर कधी बोलत नसे, थोरला दीर, डोक्यावर पदर घेऊन जावेमार्फत बोलायचं. त्या दिवशी तो जावेला म्हणाला, "तिला सांग, अकरा घरांचा जीव तिच्या जिभेवर हाय."

जाऊ माझ्याजवळ आली. "बाय, बोल ना. आपन दोघींनीच आनला, तिसऱ्या कोनाला म्हायती?"

"दोरी ज्यांनी दिली त्यांना म्हायती."

"त्यो मेला."

"अजून एक आना म्हनाला, त्यो?"

"त्याचा घर नववा हाय. त्यो कशाला बोलंल?"

मी भांडी घासत राहिले. घासता घासता माझ्या मनात हिशेब चालला होता. घर गेलं तर दिराला जमिनीचा मोबदला मिळणार, तो कुठंही चार भिंती उभ्या करणार. त्या चार भिंतींत मला जागा असेल की नाही, हे कुणी मोजलेलं नव्हतं. आणि घर राहिलं तरी मी काय होते? ठेवलेली.

मी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि दिराकडे बघून बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा.

"मागची पडवी आनि तिच्या लगतची खोली माझ्या नावावर कराल?"

जावेनं तोंडावर हात धरला. दीर लाल झाला. "देवळासमोर खोटा बोलायचा, त्याचीबी किंमत घेतंस?"

"मग खरा बोलते. फुकट."

त्यानं मागच्या पडवीकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "करीन."

"देवाची आन?"

"आन."

मला त्या रात्री झोप लागली की नाही, हे सांगत नाही. लागली होती.

सकाळी देवळापाशी सगळं गाव. साहेब ओट्यावर, पुढ्यात कागद. पहिला प्रश्न त्यानं तोच विचारला. "तुमचं नाव कुठल्या कागदावर आहे?"

"नाय," मी म्हटलं. हे तेव्हा खरं होतं.

"आज नाही. उद्या?"

दीर गर्दीत होता. मी तिकडे बघितलं नाही. "उद्याचा कोनाला म्हायत?"

त्यानं तांबडी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. मला वाटतं, तेव्हाच त्याला सगळं कळलं. पण विचारायचं ते विचारलंच. मी सांगितलं, त्यानं लिहिलं. मग कागद माझ्याकडे केला.

"वाचा. मोठ्यानं."

मोडीत नव्हे, बाळबोध अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं, पाटीवर मास्तर लिहितो तसं. समोर बेचाळीस नंबरचा म्हातारा, गुडघ्यांवर हात ठेवून. मी वाचलं, "सदर दगड माझ्या लग्नाच्या आधीपासून..." आणि थांबले. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती, तिची नजर जमिनीवर होती. साहेब माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटतं, मी थांबावं अशी त्याची इच्छा होती. त्याला थांबलेली माणसं आवडायची.

"...याच जागी आहे," मी वाचलं. "मी तो हलविलेला नाही. दुसऱ्या कोणी हलविल्याचे मला माहीत नाही."

"अंगठा?"

"सही येते."

मी सही केली. सरकारी कागदावरची माझी पहिली सही. ती करायला मला इतका वेळ लागला की म्हातारा म्हणाला, "अगो, जबाब हाय, रांगोली नाय." लोक हसले आणि सगळ्यांचा श्वास सुटला.

अकरा घरं पिवळी झाली. त्या दुपारी मी भात उतरवून ठेवला, जवळा परतला. बारा वाजले. एक वाजला. मी मागच्या दारात जाऊन बघितलं. तो सार्वजनिक विहिरीवर उभा होता, पाय धूत होता. चिखलात उभा राहून, कारण तिथं दगड नव्हता. मग चालत रस्त्याकडे गेला. दोन दिवसांनी नकाशा पुरा करून गाव सोडला. उरलेलं तांदूळ-पीठ मागायला आला नाही. ते माझ्याकडेच राहिलं, मी खाल्लं.

दिरानं आन पाळली. थोडी चालढकल केली, पण पाळली. पडवी आणि खोली माझ्या नावावर झाली.

पाच-सहा वर्षं गेली. चिंच तोडली, रस्त्याकडून जमीन भरत आली, आणि एका कारखान्याची भिंत आमच्या परसामागे घालायची ठरली. आखायला एक तरुण अधिकारी आला. पँट, काळा चष्मा. त्यानं तोच नकाशा आमच्या ओट्यावर पसरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही रेषा इथंच का बाहेर आलीय? बाकी सगळी सरळ आहे. हे पोट कसलं?"

जावेनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"आणि कडेला बारीक खरडलंय काहीतरी. मोडी दिसतंय. आमच्याकडे वाचणारे होते एक, ते रिटायर झाले. गावात येतं का कुणाला?"

दीर म्हातारा झाला होता आणि बढाईखोरही. म्हणाला, "आमच्या भावजईला येतं. चौथी शिकलेली हाय."

जावेनं त्याचा सदरा मागून ओढला. उशीर झाला होता. अधिकाऱ्यानं नकाशा माझ्याकडे वळवला. "बघा बरं, ताई."

मी वाकले. अक्षर मी लांबूनच ओळखलं. काळ्या पेन्सिलीनं, मुंगीएवढं. पाच-सहा वर्षांनी मोडी बघत होते, तरी अडखळले नाही.

"दगड मूळ जागी नाही. चिंचेपासून सात साखळ्या आणलेला आहे. बाईंस ठाऊक आहे. त्या सांगतील तेव्हा रेषा दुरुस्त व्हावी."

मी पुन्हा वाचलं. त्यानं खोटं लिहून घेतलं होतं, पण खोटं ठेवून गेला नव्हता. खरं लिहून ठेवलं होतं, अशा लिपीत की कचेरीत कुणाला कळू नये आणि गावात एकीलाच कळावं. माझ्यामागे अकरा घरं होती. एका खोलीवर आता माझं नाव होतं.

"काय लिहिलंय?"

"येत नाय मना," मी म्हटलं.

"मग इतका वेळ काय बघत होता?"

"रंग. पिवला उडत चाललाय."

त्यानं नकाशा गुंडाळला. भिंत परसापासून चार हातांवर घातली.

आता कारखाना बंद पडून वीस-पंचवीस वर्षं झाली. भिंतीवर पिंपळ उगवलाय. दीर गेला, जाऊ गेली, बेचाळीस नंबरच्या जागेवर सात मजले आहेत. दगड परसातच आहे, पुतण्याची सून त्यावर पायपुसणी आपटते. तो शेरा कुठल्या कपाटात आहे, मला माहीत नाही. त्यात लिहिलं होतं, त्या सांगतील तेव्हा.

सांगितलं. दगड मी आणला. आता करा म्हणावं रेषा दुरुस्त.